कोळशावरचा 'ताण' : स्ट्रेसला मराठीत काय म्हणावं?

पानगळ : खाणीतल्या मिथेनवरचा लेख मराठीत आणतेय, एका वाक्यावर अडलेय. 'कोळशावरचा ताण वाढला की त्यातून वायू कमी वाहतो' असं लिहिलं. भाऊ म्हणाला, उलट ना? ताणलं तर चिरा रुंदावतील. त्याचं बरोबरच आहे. मुळात वरच्या खडकाच्या भाराने चिरा मिटतात असं म्हणायचंय. आणि सक्शनला, म्हणजे पंपाने वायू खेचून काढण्याला, 'शोषण' लिहवत नाही.

गुरुत्वमध्य : प्रतिबल. पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे, ताण म्हणजे टेन्शन. सक्शनला चूषण. घडवलेले शब्द वापरलेच नाहीत तर ते रुळणार कधी?

दगडी : चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत 19 वर्षं काढली, 'प्रतिबल' एकदाही कानावर आलं नाही. 'छतावर लोड आला' म्हणायचो, सगळ्यांना कळायचं. मी 'आवळ' लिहीन. पण ताई, तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. चिरांतला वायूच आतून दाब देऊन त्या उघड्या ठेवतो. तो काढला की आवळ वाढतो, वाट अरुंद होते. मात्र मिथेन सुटला की कोळसा स्वतः आकसतो, त्याने चिरा पुन्हा मोकळ्या होतात. कोणता परिणाम वरचढ, ते त्या त्या कोळशावर.

पानगळ : हे लेखात पुढे येतं. तिथे 'अधिशोषण' आहे, म्हणजे कोळशाच्या आतल्या पृष्ठभागाला मिथेन धरून राहणं. सक्शनला शोषण म्हटलं तर एकाच परिच्छेदात दोन उलट क्रिया एका नावाच्या होतील.

मळेकरी : 'ओढ' म्हणा. पंपाची ओढ आम्ही रोज बोलतो. विहिरीचं पाणी सातेक मीटरच्या खाली गेलं की वरचा पंप ओढत नाही.

दगडी : ओढ झकास! मर्यादाही तीच. वातावरणाचा दाब 101 किलोपास्कल, ओढ त्यापलीकडे जाऊच शकत नाही. थरातल्या वायूचा दाब कितीतरी पट असू शकतो. म्हणून घट्ट कोळशात ओढ वाढवून फारसं हाती लागत नाही. खोदकामाने सैल झालेल्या भागात लागतं. तिथे जास्त ओढलं तर भेगांतून हवा शिरते.

मळेकरी : आमची मोटर हवा घेते तसं.

दगडी : तसंच, पण इथे जिवाशी खेळ. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की ठिणगी पुरते.

गुरुत्वमध्य : ओढ चालेल. पण 'आवळ' कशात मोजणार? प्रतिबलाला एकक आहे, व्याख्या आहे. ताण तर नकोच, त्यात खेचणं आहेच. मूळ धातू 'तन्'.

मळेकरी : मग संत्र्याच्या बागेला ताण देतो तो? बहारासाठी पाणी तोडतो, झाडाला खेचत नाही कोणी. आमच्याकडे तहानेला 'तान' म्हणतात, हा ताण तिथून आलाय.

गुरुत्वमध्य : 'न' आणि 'ण' वेगळे आहेत. तोही 'तन्'च.

मळेकरी : वऱ्हाडात 'पाणी'चं 'पानी' होतं, तिथे न-ण वरून काय ठरवणार?

पानगळ : उद्या मजकूर द्यायचाय. पहिल्या वाक्यात 'दाबताण' लिहू का?

मळेकरी : आजीचं वाक्य सांगतो : 'झाडाले तान लागू दे, मंग फुलते.' याचं 'तन्' लावून दाखवा.