ड्रायव्हर खुला, युजरस्पेस बंद: कर्नलने का घ्यावा?

कर्नलवेडा

'खटपट्या' यांनी काल लिहिलं, "ड्रायव्हर जीपीएल या खुल्या परवान्याखाली दिला ना? मग आमच्या युजरस्पेसमध्ये डोकावणारे कर्नलवाले कोण? शुद्ध दादागिरी आहे ही." वाद आहे तो लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ग्राफिक्स ड्रायव्हर घेण्याच्या नियमाचा: ड्रायव्हर खुला असून भागत नाही, त्याच्याशी बोलणारं युजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्या, तेही खुलं हवं. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

युजरस्पेस मोडायचं नाही, म्हणजे आधी चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवरही चालला पाहिजे, हे लिनक्सचे जनक लायनस टोर्व्हल्ड्स यांचं वचन कर्नलच्या प्रत्येक मेंटेनरच्या (कोड सांभाळणाऱ्याच्या) मानगुटीवर बसलेलं असतं. एकदा आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरला हाक मारायचा मार्ग, मेनलाइनमध्ये, म्हणजे अधिकृत कर्नलमध्ये, गेला की तो जन्माचा. तो निस्तरणार कोण? ज्या कंपनीने पॅच पाठवला तिची ती टीम चार वर्षांनी अस्तित्वातही नसते. निस्तरतो तो मेंटेनर. मग ज्याला जन्मभर सांभाळायचंय, त्याने पलीकडून कोण काय पाठवतंय हे बघायला मागितलं तर दादागिरी कशी?

एक उदाहरण देतो. आयऑक्टलबरोबर जाणाऱ्या माहितीच्या स्ट्रक्चरमध्ये पुढेमागे लागेल म्हणून 'फ्लॅग्ज' नावाचं फील्ड ठेवलं. ते शून्य आहे का हे ड्रायव्हर तपासत नाही. पलीकडच्या लायब्ररीनेही ते शून्य केलेलं नाही, स्टॅकवर (तात्पुरत्या मेमरीत) पडलेला जुना कचरा तसाच आत येतो. आज सगळं सुरळीत चालतं. पुढे कधी त्या फील्डचा पहिला बिट वापरायला घ्या, जुने प्रोग्रॅम धडाधड आपटतात. म्हणजे फील्ड कायमचं बाद. युजरस्पेस खुलं असतं तर मेमसेट (मेमरी शून्य करणं) राहिलाय हे रिव्ह्यूतच कुणाच्या तरी नजरेला पडलं असतं. बंद असेल तर तो कचरा दिसतो तो थेट ग्राहकाच्या बग रिपोर्टमध्ये.

आणि जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) तर खरा ड्रायव्हर बाहेरच असतो. शेडर कंपायलर (चिपवर चालणारे प्रोग्रॅम तयार करणारा) बाहेर, कमांड बांधणं बाहेर. कर्नलच्या हाती येतो एक बफर, 'हा हार्डवेअरला दे' म्हणून. त्यातल्या कमांडने दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत लिहिता येतं का, हे कमांडच माहीत नसताना रिव्ह्यू करणाऱ्याने कसं ठरवायचं?

खटपट्या

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर पूर्ण ऐका.

मी एका छोट्या कंपनीत ड्रायव्हर लिहितो. माझा कर्नलचा भाग पूर्ण खुला आहे, कुणीही उघडून बघावा. कंपायलरचा अर्धा भाग आमच्या कंपनीने तिसऱ्याच कुणाकडून परवान्यावर घेतलाय. तो खुला करायचा अधिकार आमच्याकडे नाही, आणि वकिलांना विचारलं की ते पेटंटचं भिजत घोंगडं पुढे करतात. मी काय करू? नोकरी सोडू?

परिणाम काय, तर ड्रायव्हर बाहेर राहतो. नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, आतलं एखादं फंक्शन बदलतं, मी अजून एक इफडेफ (आवृत्तीप्रमाणे वेगळा कोड) घालतो. ग्राहक कंटाळून जुन्याच कर्नलवर बसून राहतात, सुरक्षेचे पॅच नाहीत. यात सामान्य माणसाचं कुठलं भलं झालं? आत असता तर निदान चार लोकांनी माझा कोड वाचला असता.

आणि जीपीएलचं म्हणाल, तर कर्नलच्याच परवान्यात वरती लिहिलंय की नेहमीच्या सिस्टिम कॉलने कर्नल वापरणारा प्रोग्रॅम त्यापासून बनलेली कृती धरला जात नाही. समोरच्या दाराने दिलेली मोकळीक तुम्ही मागच्या दाराने काढून घेताय.

सुतारपक्षी

परवाना वेगळा आणि स्वीकारणं वेगळं. जीपीएलने तुम्हाला कर्नल वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क दिला. तुमचा पॅच आत घेतलाच पाहिजे असं त्यात कुठे आहे? काढून घेतलं काय?

इतिहासही बघा. २००९ मध्ये व्हियाच्या क्रोम९ ग्राफिक्सचा कोड डीआरएमकडे, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागाकडे, आला, खुलं युजरस्पेस नव्हतं, नाही घेतला. २०१० मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनचा ग्राफिक्स ड्रायव्हर आला, डीआरएमचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी तोच प्रश्न विचारला. तेव्हाही 'आता लिनक्सवर कुणी ग्राफिक्स आणणारच नाही' अशी ओरड झाली. झालं काय? रॉब क्लार्क यांनी स्नॅपड्रॅगनच्या ग्राफिक्ससाठी फ्रीड्रिनो हा खुला ड्रायव्हर लिहिला, २०१३ मध्ये कर्नल ३.१२ मध्ये त्याचा कर्नलमधला भाग, एमएसएम ड्रायव्हर, आला, आणि आज त्याच ड्रायव्हरमध्ये क्वालकॉमचे लोक पॅच पाठवतात. इमॅजिनेशन कंपनीची पॉवरव्हीआर ही ग्राफिक्स चिप म्हणजे बंदिस्तपणाचा नमुना होता. २०२४ मध्ये कर्नल ६.८ मध्ये त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर आला, मेसा या युजरस्पेसमधल्या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीतल्या व्हल्कन ड्रायव्हरला जोडून. नियम ढिला केला असता तर आला असता का?

रात्रपाळी

मला दोन्ही बाजूंचं भाषण नको. नियम सगळ्यांना सारखा आहे का, एवढं सांगा.

हबाना लॅब्जच्या गोया या एआय चिपचा ड्रायव्हर २०१९ मध्ये डीआरएमला वगळून थेट 'ड्रायव्हर्स/मिस्क' या किरकोळ ड्रायव्हरांच्या डिरेक्टरीत गेला. तिचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी घेतला. कंपायलर तेव्हा बंद होता. त्याच वर्षअखेर इंटेलने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली. डीआरएमवाले चिडले, बरोबरच होतं त्यांचं. पण खटपट्यांसारख्याला 'नियम म्हणजे नियम' सांगायचं आणि शेजारच्या डिरेक्टरीत तसाच ड्रायव्हर नांदतोय, हे कसं?

कर्नलवेडा

ती चूक होती, आणि मी तिचं समर्थन करणार नाही. पण पुढचंही सांगा ना. भांडण झालं, २०२१ मध्ये डीएमए-बफ (ड्रायव्हरांनी आपसांत मेमरी वाटून घ्यायची सोय) वापरायची वेळ आली तेव्हा पुन्हा अडलं, आणि त्याच वर्षी हबानाने आपल्या टीपीसी प्रोसेसरचा, एलएलव्हीएम या खुल्या साधनावर बांधलेला कंपायलर आणि सिनॅप्स एआय कोअर ही लायब्ररी, हे दोन्ही खुले केले. मग कर्नल ६.२ मध्ये एआय चिपांसारख्यांसाठी 'ॲक्सेल' ही सबसिस्टिमच उभी राहिली, डीआरएमच्या नियमांखाली. क्वालकॉमच्या एआय १०० या चिपचा ड्रायव्हर २०२० मध्ये मिस्कसाठी आला तेव्हा अडला होता, तो ६.४ मध्ये ॲक्सेलमधून आत आला, खुल्या युजरस्पेससह. पळवाट बुजवली गेली.

खटपट्या

सिनॅप्स एआय कोअर ही संदर्भापुरती आवृत्ती होती हो! ग्राहक चालवतात तो मुख्य स्टॅक बंदच राहिला. नियमाची कागदोपत्री पूर्तता. असं करायला मोठ्या कंपनीकडे माणसं असतात, आमच्याकडे नसतात. लहानाला फास आणि मोठ्याला वाट, हेच तर मी म्हणतोय.

कर्नलवेडा

संदर्भापुरती होती, मान्य. पण इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी, उघडा झाला. रिव्ह्यू करणाऱ्याला हातात काहीतरी मिळालं. तुमच्या चिपचं तेवढंही बाहेर नाही.

मोकळी_हवा

सगळे युजरस्पेस-युजरस्पेस करताय, पण फर्मवेअरबद्दल, म्हणजे कार्डावरच चालणाऱ्या कंपनीच्या कोडबद्दल, एक अवाक्षर नाही. 'लिनक्स-फर्मवेअर' या संग्रहाचा तो ढीग उघडून बघा. कंपन्या हुशार झाल्यात. ड्रायव्हर खुला, लायब्ररी खुली, आणि खरं डोकं सगळं कंपनीने साइन केलेल्या ब्लॉबमध्ये (मूळ कोड न दिलेल्या बायनरीत). एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुले केले तेव्हा टाळ्या वाजवल्यात ना? जे लपवायचं होतं ते आधीच कार्डावरच्या जीएसपी या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये हलवलं होतं, म्हणून खुले करता आले. कार्डावर गणना करायचं त्यांचं सॉफ्टवेअर, क्यूडा, तर आजही बंद. नियमाने मिळवलं काय?

सुतारपक्षी

ताई, विषय भरकटतोय. फर्मवेअर कार्डावर चालतं. कर्नलने जन्मभराचं वचन दिलंय ते युजरस्पेसला, कार्डाला नाही.

आणि एनव्हिडियाचे ते मॉड्यूल मेनलाइनमध्ये घेतलेच नाहीत, म्हणजे नियम तिथे पाळलाच गेलाय.

मोकळी_हवा

भरकटत नाही, मुळाशी जातेय. साइन केलेल्या फर्मवेअरने नूवो या एनव्हिडिया कार्डांच्या खुल्या ड्रायव्हरचे काय हाल केले ते आठवा. मॅक्सवेल कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून क्लॉक (चिपचा वेग) वाढवायची किल्लीच एनव्हिडियाच्या फर्मवेअरकडे गेली. नूवो खुला, मेसा खुलं, तुमच्या नियमात शंभर टक्के बसणारं, आणि कार्ड मात्र बूट होतानाच्या क्लॉकवर रांगतंय. माझ्याकडे होतं असं कार्ड. पडद्यावर खिडकी सरकवली तरी मागे रेघ ओढल्यासारखी यायची. त्या खुलेपणाला मी काय हार घालू?

रात्रपाळी

तोच नूवो कर्नल ६.७ पासून जीएसपी फर्मवेअर वापरून ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांचे क्लॉक वाढवतोय, आणि मेसात त्यावर एनव्हीके हा खुला व्हल्कन ड्रायव्हर उभा आहे. म्हणजे ज्या ब्लॉबला तुम्ही शिव्या घालताय त्यानेच खुला ड्रायव्हर चालता केला. फर्मवेअरही खुलं असेल तरच घ्या म्हटलं तर उद्या एकही आधुनिक जीपीयू आत येणार नाही, वायफायही नाही.

मोकळी_हवा

"नाही तर काहीच येणार नाही" हेच खटपट्या युजरस्पेसबद्दल म्हणाले तेव्हा तुम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलात. फर्मवेअरच्या वेळी तोच युक्तिवाद एकदम व्यवहारी होतो?

सुतारपक्षी

तुटून पडलो नाही. आणि दोन्हीत फरक आहे, तो तुम्हाला समजून घ्यायचा नसेल तर पालथ्या घड्यावर पाणी.

मोकळी_हवा

घड्याबिड्याची भाषा नको. फरक मला कळतो. प्रोग्रॅमिंग करतेच आहे.

जुनी_पाटी

वाद राहू दे बाजूला, मी सोसलंय ते सांगतो. माझ्याकडे एक छोटा लॅपटॉप होता. त्याच्या ग्राफिक्सचा कर्नल भाग थोडाफार उघडा, वरचं सगळं बंद. विकत घेतला तेव्हा व्हिडिओ छान चालायचे. मग एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) बदलला, बंद भाग त्याच्याशी जुळेना, कंपनीने नवी बायनरी काढलीच नाही. पुढे कायम साध्या फ्रेमबफरवर, ग्राफिक्स चिपच्या मदतीविना. पान खाली सरकवलं की अक्षरं पट्ट्यापट्ट्यांनी उमटायची. यंत्रात एकही बिघाड नव्हता. बंद युजरस्पेसचं आयुष्य कंपनीच्या मर्जीइतकं, आणि ती मर्जी वॉरंटीच्या आधीच संपते.

फर्मवेअरबद्दल मात्र ताईंचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नका. २०२२ मध्ये इंटेलच्या आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हरला नवीन कर्नलवर नवीनच फर्मवेअर लागू लागलं, जुनं चालेना. तेव्हा एअरली यांनीच नियम लिहून काढले, की कर्नल अद्ययावत केला म्हणून फर्मवेअर बदलायची सक्ती वापरणाऱ्यावर येऊ नये. म्हणजे कर्नल फर्मवेअरकडे बघतच नाही असं नाही.

सुतारपक्षी

ते नियम जुन्या-नव्याच्या मेळाचे आहेत, खुलेपणाचे नाहीत. पण ठीक, फर्मवेअरचा कर्नलशी संबंधच नाही असा अर्थ माझ्या वाक्यातून निघत असेल तर तो घेऊ नका.

मोकळी_हवा

एवढं तरी निघालं तोंडून.

खटपट्या

माझा प्रश्न सगळे विसरले. मी बाहेर आहे आणि बाहेरच राहणार, उपाय कुणी सांगितला नाही. खरं सांगू का, नियमामुळे माझ्यासारखे लोक व्हीएफआयओकडे जातील. अख्खा ड्रायव्हरच युजरस्पेसमध्ये लिहायचा, कर्नलला काही विचारायचंच नाही. मग तर तुम्हाला काहीच दिसणार नाही.

कर्नलवेडा

जा ना, खुशाल जा. व्हीएफआयओचा इंटरफेस खुला आहे, त्याचे वापरणारे खुले आहेत, आयओएमएमयू हे हार्डवेअर तुमच्या कार्डाला त्याच्या मेमरीपुरतं बांधून ठेवतं. तुमचा बंद कोड फसला तर तुमचीच प्रोसेस मरेल, आणि कुणाही मेंटेनरला जन्मभर काही सांभाळावं लागणार नाही. माझी हरकत बंद कोडवर नाहीच. त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकण्यावर आहे. एकाच कार्डावर अनेक प्रोसेस चालवायच्या, डीएमए-बफने दुसऱ्या ड्रायव्हरशी मेमरी वाटून घ्यायची, फेन्स (काम संपल्याचे इशारे) वापरायचे, तर कर्नलकडे यावं लागेल. डीएमए-फेन्स ठरलेल्या काळात सुटलाच पाहिजे. तुमचं बंद युजरस्पेस मधेच अडून बसलं तर मेमरी मोकळी करणारा कोड त्या फेन्सची वाट बघत लटकतो आणि अख्खं मशीन गोठतं. तिथे 'विश्वास ठेवा' चालत नाही.

खटपट्या

फेन्सचं पटतं. आमच्याकडे त्यावरून मशीन गोठलंय, कारण सापडायला फार वेळ गेला. पण म्हणून सगळा कंपायलर उघडा करा, हे नाही पटत. आयऑक्टल करणारी आणि कमांड बांधणारी लायब्ररी मी वेगळी काढून खुली करू शकतो, तो कोड आमचा स्वतःचा आहे. परवान्यावर घेतलेला भाग बंद राहील. चालेल का?

कर्नलवेडा

मी मेंटेनर नाही, त्यामुळे चालेल असं म्हणत नाही. बंद कंपायलरशिवाय त्या लायब्ररीतून एकही खरं काम होत नसेल तर मेंटेनर तिला नुसता टेस्ट प्रोग्रॅमच धरतील, आणि ते योग्यच. इन्स्ट्रक्शन सेटचा दस्तऐवज बाहेर काढा. एलएलव्हीएमवर साधा बॅकएंड लिहा, संथ चालला तरी हरकत नाही, पण तो खरं मॉडेल चालवणारा हवा. झटपट चालणारा तुमचा बंद राहू दे. आणि पॅच पाठवायच्या आधी डीआरएमच्या ईमेल यादीवर आयऑक्टलचा मसुदा टाका, निदान फ्लॅग्ज फील्ड शून्य तपासताय की नाही हे तरी आधी कळेल.

खटपट्या

तपासतो. पॅडिंगही (फील्डांमधली रिकामी जागा) तपासतो. दस्तऐवजाचं वरिष्ठांना विचारतो, पण ते हो म्हणतील असं समजू नका.