स्थलांतरितांमध्ये डीएलक्यूआय कमी, पण पीएचक्यू-९ जास्त: गफलत कुठे?

नोंदवही:
सोरायसिस, इसब आणि कोड असलेल्या स्थलांतरित कामगारांच्या मनःस्वास्थ्यावर छोट्या अभ्यासाची आखणी चालू आहे. तुलनेला त्याच बाह्यरुग्ण विभागातले स्थानिक रुग्ण आहेत. त्वचेच्या त्रासासाठी डीएलक्यूआय आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-९ या प्रश्नावल्या वापरल्या (दोन्हींत गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). चाचणी फेरीत विचित्र चित्र आलं. स्थलांतरितांचा पीएचक्यू-९ स्थानिकांपेक्षा जास्त आणि डीएलक्यूआय मात्र कमी. त्वचेचं त्यांना फारसं काही वाटत नाही, उदासी निव्वळ घर सुटल्याची आहे, असा अर्थ काढायचा का? की मोजण्यातच घोळ आहे? मुख्य फेरीआधी काय बदलावं?

दहाचा_पाढा:
अर्थ काढायची घाई नको. आधी भरलेले फॉर्म काढा आणि ‘लागू नाही’वरच्या खुणा मोजा. बहुतेक तिथेच पाणी मुरतंय.

डीएलक्यूआय १९९४ सालचा. दहा प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दल, प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते ३०. त्यात खरेदी-घर-बाग आहे, मित्रांत मिसळणं आहे, खेळ आहे, लैंगिक अडचण आहे. ज्याचं कुटुंब दूर आहे, जो सामायिक खोलीत राहतो आणि ज्याला सुट्टी मिळत नाही, त्याला सहावा (खेळ) आणि नववा (लैंगिक) प्रश्न लागूच होत नाही. पाचवाही (करमणूक) बऱ्याचदा नाही. आणि ‘लागू नाही’ला गुण शून्य! ‘त्रास नाही’ आणि ‘ती गोष्ट आयुष्यातच नाही’ ही दोन उत्तरं बेरजेत सारखीच दिसतात. चट्ट्यांमुळेच खेळणं सोडलेला माणूसही पुष्कळदा ‘लागू नाही’वरच खूण करतो, हे तर आणखी वाईट.

यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये डीएलक्यूआय-आर ही सुधारित मोजणी आली. लागू असलेल्या प्रश्नांच्या प्रमाणात बेरीज वाढवायची. समजा एकूण ८ गुण आणि तीन प्रश्न लागू नाहीत, तर ८ × १० ÷ ७ म्हणजे साधारण ११. जुन्या मोजणीत हा माणूस ‘मध्यम परिणाम’ (६ ते १०) गटात बसतो, नव्या मोजणीत ‘फार मोठा परिणाम’ (११ ते २०) गटात. हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. गोळ्या-इंजेक्शनांचे उपचार सुरू करताना ‘डीएलक्यूआय १० च्या वर’ हा निकष सर्रास धरला जातो, त्यामुळे गुण कमी पडले की उपचारही लांबतो.

नोंद करताना ‘लागू नाही’ला स्वतंत्र संकेत द्या, उदाहरणार्थ ८. कोरा सोडलेला प्रश्न वेगळा, त्याला ९. एक कोरा असेल तर शून्य धरून चालतं, दोन किंवा जास्त कोरे असतील तर तो फॉर्म मोजायचाच नाही. सरसकट ० टाइप केलंत तर नंतर ब्रह्मदेवालाही हे वेगळं करता येणार नाही.

दुभाष्या:
वरच्या मुद्द्याला एक जोड. फॉर्म कोणी आणि कुठे भरून घेतला? ठेकेदाराचा माणूस दुभाषा असेल किंवा खोलीतला सोबती शेजारी बसला असेल, तर नवव्या प्रश्नाला ‘लागू नाही’ हे सगळ्यात सुरक्षित उत्तर ठरतं. सातव्यातही तसंच. त्वचेमुळे काम बुडालं असं म्हटलं की थेट ३ गुण, पण कामावरून काढतील या भीतीने कोणी ते म्हणत नाही. दुभाषा नातलग, सहकारी, मुकादम यांपैकी कोणी नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रश्न ध्वनिमुद्रित करा, आणि उत्तरं शब्दांत बोलून घेण्याऐवजी चार चित्रांवर बोट ठेवायला सांगा.

भाषांतराबद्दल: आधी अधिकृत भाषांतर उपलब्ध आहे का ते पाहा, कारण या प्रश्नावलीचे शब्द परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. नसेल तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने ते जुळवायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीने ते पुन्हा मूळ भाषेत आणायचं (उलट भाषांतर). मग पाच ते दहा रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. हा शेवटचा टप्पाच लोक गाळतात, आणि नेमका तोच उपयोगाचा. दुसरा प्रश्न घ्या. लाजिरवाणं वाटणं आणि लोक आपल्याकडे पाहताहेत याचं सतत भान असणं, दोन्ही एकाच प्रश्नात आहेत. ‘लाज’ शब्द वापरला की काही भाषांत त्याला चारित्र्याचा वास येतो आणि माणूस ताठ मानेने ‘अजिबात नाही’ म्हणतो. ‘संकोच’ किंवा ‘अंग झाकून घ्यावंसं वाटणं’ विचारलं की उत्तर बदलतं.

आता दुसरं पारडं. पीएचक्यू-९ मध्ये तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा. रात्रभर खाजवणाऱ्या आणि रात्रपाळी करणाऱ्या माणसाला या दोन्हींत पैकीच्या पैकी मिळतात, म्हणजे ६ गुण. छाननीची नेहमीची रेषा १० ची! तेव्हा हे दोन प्रश्न वगळूनही विश्लेषण करून पाहा. एचएडीएस या चिंता-नैराश्याच्या प्रश्नावलीत (१९८३) शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आहेत, तो पर्याय आहे. पण त्यात पोटात फुलपाखरं उडाल्यासारखी भीती वाटते का असा एक प्रश्न आहे. तो शब्दशः भाषांतरित केलात तर समोरचा तुमच्याकडेच बघत राहील.

नोंदवही:
दोघांचेही आभार. फॉर्म पुन्हा काढले. नववा आणि सहावा प्रश्न स्थलांतरितांत बहुतेक ठिकाणी ‘लागू नाही’ आहे, आणि नोंदीत ते सगळं ० म्हणून गेलंय. आणखी दोन शंका: सोरायसिसची तीव्रता पासीने (डॉक्टरने चट्टे तपासून द्यायचे गुण) मोजतोय, ती दोन्ही गटांत सारखीच आलीय, तर ते ठीक समजायचं का? आणि नमुना २०० पुरेल?

सावळी_छटा:
तीव्रता सारखी आली यावर लगेच विश्वास ठेवू नका. पासीत लाली, जाडी आणि पापुद्रे हे तिन्ही ० ते ४ मोजतात. गडद त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा तपकिरी दिसते, आणि सवय नसलेला डॉक्टर एक अंश कमी देतो. प्रत्येक भागात या तिघांची बेरीज व्याप्तीच्या गुणाने आणि त्या भागाच्या भाराने गुणतात, मग चारही भाग मिळवतात; डोकं ०.१, हात ०.२, धड ०.३, पाय ०.४ असे भार आहेत. चारही भागांत व्याप्ती ३ (३० ते ४९ टक्के) असेल आणि लाली सगळीकडे एका अंशाने कमी धरली, तर पासी नेमका ३ ने घसरतो. तेव्हा दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत, खिडकीच्या उजेडात. शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करावी आणि हाताने स्पर्श करून जाडी पाहावी.

चट्टा बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. पासी तो मोजत नाही, माणूस मात्र आरशात तोच बघतो. डागांसाठी ० ते १० चा एक वेगळा प्रश्न ठेवा. आणि कोडाला पासी लावू नका. तिथे व्याप्ती तळहाताने मोजा: बोटांसह रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे अंदाजे १ टक्का. चेहरा आणि हात वेगळे नोंदवा, कारण त्रास टक्क्यांवर नव्हे, दिसण्याजोग्या जागेवर ठरतो.

इसबाच्या गटात खरूज शिरलेली नाही ना, हेही तपासा. दाटीच्या निवासात रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, खोलीतल्या इतरांनाही खाज, एवढं असेल तर आधी खरूज. पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे जातात, म्हणून खाज नसलेल्या सोबत्यांनाही त्याच दिवशी उपचार हवा: ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेखाली पूर्ण अंगाला, ८ ते १४ तास, मग आठवड्याने पुन्हा. एकच जण औषध लावतो आणि पाळी बदलली की त्याच अंथरुणात दुसरा झोपतो, तिथे उपचार फसतो. नंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. अशांना ‘मानसिक खाज’चा शिक्का मारून तुमच्या अभ्यासात पाठवलेलं असू शकतं!

आकडेमोड:
नमुन्याचं: २० टक्के प्रमाण ±५ टक्क्यांच्या अचूकतेने मोजायला साध्या यादृच्छिक निवडीत २४६ लागतात. ओळखीतून ओळख काढत, कूपन देऊन माणसं मिळवणार असाल तर परिकल्प-प्रभाव (अशा निवडीमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा) किमान २ धरा, म्हणजे ४९२. १५ टक्के गळती धरली की ५७९. त्वचारोगाचा मनावरचा परिणाम स्थलांतरितांत वेगळा आहे का, हा खरा प्रश्न असेल तर ती आंतरक्रिया झाली (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं), आणि तेवढ्याच आकाराच्या मुख्य परिणामाच्या साधारण चौपट माणसं लागतात. २०० मध्ये ते दिसणार नाही. शिवाय गट चार हवेत: स्थलांतरित आणि स्थानिक, दोघांतही त्वचारोग असलेले आणि नसलेले. नुसत्या दोन गटांत घर सुटल्याचा परिणाम आणि चट्ट्यांचा परिणाम वेगळा काढताच येत नाही, मग मोजणी कितीही सुधारा.

बाह्यरुग्ण विभागातला स्थलांतरित अगदी असह्य झाल्यावरच येतो, स्थानिक मात्र सहज डोकावतो. आजारी पडून परत गेलेले तर तुमच्या यादीतच नसतात. म्हणून थोडे तरी लोक निवासातून घ्या.

वय, आला तेव्हाचं वय आणि राहून झालेली वर्षं, तिन्ही एकाच सांख्यिकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये) घालू नका. पहिलं म्हणजे उरलेल्या दोघांची बेरीज. सॉफ्टवेअर एक गुपचूप गाळतं आणि तुम्ही उरलेल्या दोनांचा भलताच अर्थ लावता. झोप, कलंकाची भावना हे त्वचारोग आणि उदासी यांच्यामधले दुवे आहेत, त्यांना ‘समायोजित’ केलंत (त्यांचा वाटा हिशेबातून वजा केलात) तर जो परिणाम शोधताय तोच पुसला जाईल.

दुभाष्या:
पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याहून जास्त आला तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठल्या भाषेत, आणि त्याची कागदपत्रं न विचारता कुठे पाठवणार, हे संमतिपत्राआधी लिहून ठेवा. राहण्याचा कायदेशीर दर्जा हा रकानाच फॉर्मवर नको. डॉक्टर आणि दुभाष्याच्या नोंदी आणि मोबाइल नंबरांची वही एकाच कपाटात ठेवू नका. नंबर आणि उत्तरं जोडणारी यादी वेगळ्या कुलपात.