निरुपयोगी शक्ती असलेला महानायक कसा घडवावा?

गिरगावकर:
आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे लेखन-शिबिर भरते. ज्याची अलौकिक शक्ती काहीच कामाची नाही, किंवा उलट अडचणच करते, असा महानायक मुलांनी निर्माण करावा, असा विषय मी यंदा ठेवला आहे. मुलांना कल्पना सुचत आहेत: एकाला गाडी सुटून गेल्यावरच ती कोणत्या फलाटावर येणार होती ते कळते, तर एक मुलगी केवळ चालण्याच्या वेगानेच उडू शकते. मात्र पहिल्या हशानंतर गोष्ट पुढे सरकत नाही. अशा शक्तीतून कथानक कसे उभे करावे?

दादर पूर्व:
शक्ती निरुपयोगी आहे असे आधीच ठरवून टाकल्यामुळे हे होत असावे. मुलांना सर्वांना हवीशी वाटणारी शक्ती घेऊ द्या आणि तिचे नियम शेवटपर्यंत पाळायला लावा. गैरसोय आपोआप बाहेर येते. अदृश्य होण्याचेच पाहा. डोळ्यांच्या मागचा पडदा प्रकाश शोषून घेतो म्हणून आपल्याला दिसते. ज्याच्या साऱ्या शरीरातून प्रकाश आरपार जातो, त्याचा हा पडदाही प्रकाश शोषू शकणार नाही, म्हणजे पूर्ण अदृश्य झालेला माणूस त्याच क्षणी आंधळा होईल. आता त्याला संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभा करा. त्याने ओरडावे तर पुलावर घबराट माजेल, गप्प राहावे तर विरारची जलद गाडी पकडायला निघालेल्या गर्दीत तो तुडवला जाईल. येथे गोष्टीला पेच मिळतो.

वरळीची लेक:
कोळीवाड्यात वाढल्यामुळे मला भरतीचीच शक्ती सुचते. समजा, एका मुलीच्या अंगात समुद्राला पूर्ण भरती असतानाच दहा माणसांचे बळ येते आणि ओहोटीला तिला पाण्याची कळशीही उचलत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि हे दिवसातून दोनदा. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत असल्यामुळे तिला शाळेतील कुस्तीची स्पर्धाही पंचांग पाहूनच स्वीकारावी लागेल, आणि चतुर्थीला पहाटे तीन वाजता ती बळाने भरून जागी होईल तेव्हा सारा कोळीवाडा झोपलेला असेल. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी शहरातील पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि हिंदमातासारखा सखल भाग तुंबतो. नेमके तेव्हाच तिचे बळ शिगेला पोहोचलेले असेल. (मुलांकडून पंचांग अवश्य पाहून घ्या, त्यांना ते मनापासून आवडते.)

मुलुंडकर:
भरतीची कल्पना मला फार आवडली, पण शेवट त्या उधाणात होऊ नये. अडचणीची शक्ती ऐनवेळी कामी आली की ती अडचणीची राहत नाही आणि मुलांचे कष्ट वाया जातात. डीसी कॉमिक्सने १९६३ साली मुख्य पथकाने नाकारलेल्या वीरांचे एक राखीव पथक आणले होते. त्यातील एका तरुणीची ताकद केवळ अंधारात टिकत असे. दुसऱ्या एकाला दगड होता येई, पण दगड झाल्यावर हालता येत नसे. नाकारले गेल्यावरही त्यांना मदत करायचीच असते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. तुमच्या मुलीला पाणी चढत असताना बळ नसू द्या. चाळीतल्या आजींना वरच्या मजल्यावर न्यायचे आहे, मग ती कोणाला हाक मारते, कशाचा आधार घेते, हे मुलांना लिहू द्या.

गिरगावकर:
हे पटले. पाऊस नाल्यांच्या क्षमतेबाहेर गेला तर ओहोटीतही पाणी तुंबते, त्यामुळे वरळीच्या हिशेबालाही धक्का लागत नाही. दिवस चतुर्थीचा घेते: पाणी सकाळी नऊ वाजता घरात शिरते आणि भरती दुपारी तीनला आहे. मधले सहा तास मुलांनी लिहायचे.