मदत हवी आहे: निर्वासित किती ‘रुळले’ हे मोजायचं कसं? (मंगळवारपर्यंत उत्तर हवंय)

सायली_का
नमस्कार मंडळी. थोडी घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मी इथल्या एका छोट्या संस्थेत संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. भाषेचे वर्ग, फॉर्म भरून देणं, डॉक्टरकडे सोबत जाणं अशी कामं असतात. आम्हाला नगरपालिकेकडून थोडा निधी मिळतो. यंदाच्या अर्जात एक नवा रकाना आलाय: लाभार्थी इथल्या समाजात किती सामावले, ते ‘मोजता येईल अशा स्वरूपात’ सांगा. बाकीचे सगळे स्वयंसेवक निवृत्त शिक्षक, त्यामुळे ‘तू आयटीतली, तू कर’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

कुणाकडे तयार प्रश्नावली किंवा एक्सेल आहे का? गूगल करून झालंय, कृपया तिकडे पाठवू नका.

बंड्या_फ्रांकफुर्टकर
सर्वप्रथम अभिनंदन! ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) असेल तर जर्मन भाषेची बी१ पातळी पास झाल्यावर २१ महिन्यांत इथे राहायचा कायमचा परवाना मिळतो, नुसतं ए१ (अगदी सुरुवातीची पातळी) असेल तर २७. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. माझा सविस्तर धागा आहे, शोधून लिंक देतो.

सायली_का
बंड्या, माझ्याबद्दल नाही विचारलेलं. निर्वासितांबद्दल आहे.

उंबरठा
कुठला देश? किती माणसं? कुठून आलेली, कधी आलेली? परवाना मिळालेली की अजून अर्जाच्या निकालाची वाट बघणारी? आधीची काही नोंद आहे का? यातलं काहीच धाग्यात नाही.

सायली_का
जर्मनी, पूर्वेकडचं लहान शहर. मला वाटलं माझे आधीचे धागे वाचून सगळ्यांना ठाऊक आहे. साधारण चाळीस माणसं नियमित येतात. सीरियन, अफगाण, २०२२ नंतर युक्रेनच्या बायका आणि मुलं, थोडे एरिट्रियन. परवान्याचं म्हणाल तर सगळे प्रकार आहेत. आधीची नोंद म्हणजे हजेरीची वही.

रोखठोक
सोपं आहे. किती जणांना नोकरी लागली? भागिले एकूण. झाली टक्केवारी. जो कमावतो, कर भरतो, तो रुळला. बाकी ‘आपलेपणा वाटतो का’ वगैरे कवितेच्या वहीत ठेवा. शिवाय जर्मन सरकारची ३३ प्रश्नांची परीक्षा आहेच, नागरिकत्वाला १७ बरोबर लागतात. ते गुण विचारा आणि लिहून टाका.

उंबरठा
रोखठोक, त्या परीक्षेचे सगळे ३१० प्रश्न जाहीर आहेत. आठवडाभर ॲपवर घोकलं की ३३ पैकी ३० येतात. त्यावरून स्मरणशक्ती कळेल.

आणि नोकरीची टक्केवारी एवढी सरळ नसते. न्यूरेंबर्गच्या आयएबी या रोजगार संशोधन संस्थेचे आकडे बघा. जर्मनीत येऊन आठ वर्षं झालेल्या निर्वासितांपैकी ६८ टक्के कामाला लागलेले. वाचून बरं वाटतं. आता फोड करा: पुरुष ८६ टक्के, बायका ३३ टक्के. देशातल्या एकूण पुरुषांचं प्रमाण ८१ आहे, म्हणजे हे पुरुष सरासरीच्याही पुढे गेले. बायकांचं देशातलं प्रमाण ७२. तुमच्या सूत्राने ‘६८ टक्के रुळले’ असं लिहून मोकळं व्हायचं आणि खरा प्रश्न त्या एका आकड्याखाली पुरायचा.

रोखठोक
म्हणजे नोकरी मोजल्यामुळेच प्रश्न सापडला ना? माझाच मुद्दा सिद्ध केलात. धन्स.

मीनल_ताई
बायका घरी का राहतात ते मी सांगते. पाळणाघर. आमच्या गावात किंडरगार्टनला जागा मिळेना, तोवर भाषेचा कोर्स नाही. कोर्स नाही म्हणून बी१ नाही, बी१ नाही म्हणून काम नाही. नवरा आधी वर्गाला जातो, कारण घरात कुणीतरी मुलं सांभाळायला लागतंच. हे माझ्या शेजारच्या अफगाण बाईचं सांगतेय, पण खरं सांगू का, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आपल्या किती मुलींचं हेच आहे? फरक इतकाच की आपल्याला कुणी असे फॉर्म भरायला लावत नाही.

पुणेकर_इन_एक्झाइल
मायपेक्स वापरा. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला निर्देशांक आहे, शून्य ते शंभर गुण, पन्नासहून जास्त देश. २०२० साली स्वीडन पहिला होता. जर्मनीचे गुण साइटवर मिळतील, कॉपी करा, विषय संपला.

उंबरठा
मायपेक्स धोरणं मोजतं हो. मतदानाचा हक्क आहे का, कुटुंबाला आणता येतं का, भेदभावाविरुद्ध कायदा आहे का. माणसं रुळली का, हे त्यात येतच नाही. स्वीडनचा पहिला नंबर म्हणजे तिथले कायदे पाहुण्याला अनुकूल, इतकाच अर्थ. सायलीच्या चाळीस माणसांबद्दल त्यातून अक्षरही कळणार नाही.

पुणेकर_इन_एक्झाइल
कायदे नीट नसतील तर माणसं रुळणार कशी, याचं उत्तर द्या आधी.

गणिती
दोघांचं चालू द्या. सायली, तुम्हाला हवं ते तयार आहे. इमिग्रेशन पॉलिसी लॅब म्हणून गट आहे, स्टॅनफर्ड आणि झुरिकची ईटीएच यांचा. त्यांनी २०१८ मध्ये एक निर्देशांक प्रसिद्ध केला. सहा बाजू: मानसिक, आर्थिक, राजकीय, सामाजिक, भाषिक, आणि सहावी म्हणजे व्यवहार जमणं, म्हणजे डॉक्टर गाठणं, नोकरी शोधणं, कायद्याची अडचण आली तर मदत मिळवणं. प्रत्येक बाजूचे दोन प्रश्न, एकूण १२. प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १२ ते ६० मध्ये येते, मग ती शून्य ते एक अशी बसवायची. २४ प्रश्नांची मोठी आवृत्तीही आहे. छोटीचं नाव आयपीएल-१२.

झिंगाट_बॉलर
आयपीएल वाचून धावत आलो, इथे तर वेगळीच मॅच.

सायली_का
गणिती, हेच हवं होतं! प्रश्न साधारण कसे आहेत?

गणिती
उदाहरणार्थ: या देशाशी किती जोडलेलं वाटतं? आपण बाहेरचे आहोत असं किती वेळा वाटतं? इथल्या राजकीय प्रश्नांवर इतरांशी किती वेळा बोलता? फोनमधल्या इथल्या लोकांपैकी गेल्या चार आठवड्यांत किती जणांशी बोलणं किंवा चॅट झालं? गेल्या बारा महिन्यांत घराबाहेरच्या स्थानिक माणसांबरोबर रात्रीचं जेवण किती वेळा झालं?

मीनल_ताई
रात्रीचं जेवण! अहो, जर्मन माणूस संध्याकाळी सहाला पाव, चीज आणि काकडीचे काप घेऊन बसतो, त्याला कोण कुणाला बोलावणार? आमच्या मजल्यावरच्या आजी इतक्या प्रेमळ, ख्रिसमसला दाराशी बिस्किटांचा डबा ठेवतात, पण इतक्या वर्षांत एकमेकींच्या टेबलावर जेवलो नाही. उलट त्या सीरियन कुटुंबाने जिना चढताना हाक मारून मला तीनदा जेवायला बसवलंय. गुण कुणाचे कापणार?

गणिती
म्हणूनच तेच प्रश्न शहरातल्या दहा-पंधरा जर्मनांनाही विचारायचे. त्यांचाच आकडा कमी आला तर पाहुण्याला दोष देता येत नाही.

रोखठोक
आणि आपल्या लोकांनाही विचारा. म्युनिकमधले आपले आयटीवाले: पगार पाचपैकी पाच, फोनमध्ये जर्मन एक, तोही घरमालक. वीकेंडला मराठी मंडळ, बुधवारी क्रिकेट. त्यांना कुणी विचारत नाही रुळलात का, कारण कर भरतात. बघा, परत माझाच मुद्दा.

उंबरठा
हा मुद्दा तुमच्या विरुद्ध जातो, पण असो.

कोल्हापुरी_तांबडा
अवांतर: आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची वसाहत होती, जवळपास पाच हजार लोक, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएतांनी सायबेरियात हाकललेले. शाळा, चर्च, दुकानं, सगळं त्यांचं होतं. महावीर उद्यानात स्मारक आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत लोक त्यांची आठवण काढायचे. कुणी सर्व्हे नाही केला, कुणी मराठीची परीक्षा नाही घेतली. माणुसकी पुरेशी असते.

उंबरठा
आणि मग ते सगळे निघून गेले. कुणी इंग्लंडला, कुणी पोलंडला, कुणी आणखी कुठे. त्यांनी इथे रुळावं अशी अपेक्षा ना ब्रिटिशांची होती, ना त्यांची. पण सायली, हे उदाहरण वाटतं तितकं अवांतर नाही. तुमच्या युक्रेनच्या बायका तात्पुरत्या संरक्षणावर आहेत. युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये ते लागू केलं आणि नंतर मुदत वाढवत नेली. ज्या बाईच्या मनात परत जायचं आहे, जिचा मुलगा संध्याकाळी युक्रेनच्या शाळेचे ऑनलाइन तास करतो, तिला ‘जर्मनीशी किती जोडलेलं वाटतं’ यात पाचपैकी दोन मिळाले, तर ते अपयश कुणाचं? तिचा आणि २०१५ साली आलेल्या सीरियन माणसाचा आकडा एकाच सरासरीत घालू नका.

कल्याण_लोकल
माणुसकीवरून आठवलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलं, त्याचं उल्हासनगर झालं. धंद्यात तर त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं, म्हणजे रोखठोक यांच्या सूत्राने शंभर टक्के पास. पण आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात.

रोखठोक
पत्ता आहे तो. परळला परळ म्हणतात तसा.

संपादक
उल्हासनगरवर वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहा.

सायली_का
आज चहाच्या वेळी तिघांना प्रश्न विचारून पाहिले. सगळं पाच! जोडलेलं वाटतं? पाच. डॉक्टर मिळतो? पाच. भाषा? पाच. एक आजी आहेत, अलेप्पोच्या, त्या तर ‘सगळं छान’ म्हणून माझ्याच गालाला हात लावून गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या आणि पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला, न फोडलेला. त्यात दोन पिवळी पाकिटं. इथले लोक जाणतात, सरकारी निर्णयाच्या पिवळ्या पाकिटावर पोस्टमन तारीख टाकतो आणि हरकतीची मुदत त्या तारखेपासून धावायला लागते. आता यांना व्यवहाराचे पाच गुण देऊ का?

गणिती
प्रश्न तुम्ही विचारलात ना? ज्या मुलीने फॉर्म भरून दिले, तिला कोण सांगेल की मला इथे परकं वाटतं? कागद त्यांच्या भाषेत द्या, नाव नको, डब्यात टाकायला सांगा. आणि पहिल्या ओळीत स्पष्ट लिहा की याचा परवान्याशी काही संबंध नाही. अर्जाचा निकाल लागायचाय त्या माणसाला प्रत्येक कागद सरकारी वाटतो. वाचता न येणाऱ्यांसाठी संस्थेबाहेरचं कुणीतरी बघा.

पिवळं पाकीट मात्र सोनं आहे. ‘सरकारी पत्र आलं तर किती सोपं जातं’ असं विचारण्याऐवजी ‘शेवटचं पत्र आलं तेव्हा काय केलंत’ असं विचारा. स्वतः वाचलं, मुलाकडून वाचून घेतलं, संस्थेत आणलं, ठेवून दिलं. अशा प्रश्नाला ‘पाच’ हे उत्तरच नाही.

बंड्या_फ्रांकफुर्टकर
पिवळं पाकीट आलं असेल तर आधी त्या आजींना वकिलाकडे न्या. सर्व्हे नंतर.

सायली_का
नेलं. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे.

उंबरठा
बंड्या, या धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद तुमचा.

सायली, अजून दोन गोष्टी. एक, तुमच्याकडे येतात कोण? ज्यांना अडचण आहे ते. ज्याला काम लागलं, मित्र मिळाले, तो संध्याकाळच्या वर्गाला यायचा थांबतो. म्हणजे तुमचं काम जितकं चांगलं, तितका हजेरीतल्या लोकांचा आकडा वाईट! दरवर्षी नवे अडलेले येणार आणि सरासरी तिथेच राहणार. जुन्या हजेरीच्या वहीतून, येणं बंद केलेल्या लोकांना फोन करा.

दुसरी, सरासरीला कारण चिकटवा. स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाच्या अर्जांवर अभ्यास झालाय, २०१६ साली प्रसिद्ध झाला. निकालासाठी एक वर्ष जास्त थांबावं लागलं की पुढे नोकरीत असण्याचं प्रमाण ४ ते ५ टक्क्यांच्या फरकाने खाली येतं. तीच माणसं, फक्त वाट बघणं जास्त. त्यामुळे प्रत्येकाच्या कागदावर ‘निकाल कधी लागला’ हा रकाना हवाच. नगरपालिकेला दिसू दे की जे तुमच्या हातात नव्हतं त्याचा हिशेब तुमच्याकडे मागताहेत.

रोखठोक
निधी देणाऱ्याला असं सुनावून निधी मिळतो का? अर्ज आहे तो, अग्रलेख नव्हे. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

गणिती
चाळीस माणसांत टक्केवारी टाळा, ‘चाळीसपैकी अकरा’ असं लिहा. एक माणूस हलला की अडीच टक्के हलतात, वाचणाऱ्याला ती प्रगती वाटते. आणि तक्त्यात ‘एरिट्रियन, स्त्री, पन्नाशीपुढची’ असा खाना करू नका, लहान गावात ती कोण हे सगळ्यांना कळेल. पाचपेक्षा कमी माणसं असलेला गट दुसऱ्यात मिसळा.

सायली_का
बरं. असं ठरवतेय: बारा प्रश्न तसेच, जेवणाचा धरून, पण आमच्या स्वयंसेवकांकडूनही भरून घ्यायचे. पत्राचा प्रश्न वेगळा. युक्रेनचा गट वेगळा, निकालाची वाट बघणारे वेगळे. सहा बाजूंचे सहा आकडे, बेरीज नाही. हे या वेळचं पहिलं माप, तेच लोक वर्षाने पुन्हा.

आता अडचण अशी की ऑनलाइन अर्जात एकच खाना आहे आणि त्यात फक्त अंक टाइप होतो. मी तपासलं, अक्षर टाकलं की लाल होतो.

पुणेकर_इन_एक्झाइल
मायपेक्सचा आकडा टाका, सांगितलं होतं.

गणिती
खान्यात किती जणांनी प्रश्नावली भरली तो आकडा टाका, पुरवणी जोडा, आणि सोमवारी सकाळी फोन करून त्या अधिकाऱ्याला विचारा की हा खाना कुणी आणि कशासाठी घातला. बहुधा त्यांनाही वरून आलेला असतो.

मीनल_ताई
दारी (अफगाण लोकांची भाषा) आणि अरबी भाषांतराला माणूस हवा असेल तर माझ्या ओळखीत दोघी आहेत, संस्थेबाहेरच्या. व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.