विषय : सांगलीत आईचं पाणी घरमालकानं अडवलंय

(मेलबर्नहून)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या मेल्समध्ये हा विषय आणतेय, पण आठ दिवस नीट झोप नाही. माझी आई खणभागातल्या एका वाड्यात माडीवर दोन खोल्यांत राहते. बाबांनी १९८३ साली त्या भाड्यानं घेतल्या. पावत्या अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. थोरले मालक गेले, आणि त्यांच्या मुलाला वाडा पाडून अपार्टमेंट बांधायचंय. नळाचं पाणी खालच्या हौदात येतं, तिथून मोटरनं वरच्या टाकीत चढतं. त्या मोटरच्या खोलीला त्यानं कुलूप घातलं. आता दिवसाआड वीस मिनिटं पाणी सोडतो. जिन्यातला दिवाही काढून नेला. आई एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे धरलेले, आणि अंधारात कळशी घेऊन जिना चढते. मी चिडून म्हटलं, भाडं देऊच नकोस. असं चालेल का?

(टोरांटोहून)

ताई, भाडं अजिबात थांबवू नका. मी सांगलीत बारा वर्षं वकिली केली. चांगली बाजू असलेली माणसं नेमकी इथंच फसतात. भाडं थकलं की मालक नोटीस देतो, आणि पाण्याचा प्रश्न बाजूला पडून खोली खाली करण्याचा दावा उभा राहतो. दर महिन्याला भाडं बँकेतूनच पाठवा. पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, ती मागत राहा.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा मालकाला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी तोडता येत नाही, रोखून धरता येत नाही. त्यात पाणी, वीज, लिफ्ट, सफाई तर आहेच, जिन्यातला आणि बोळातला दिवाही स्पष्ट लिहिलाय. आईंच्या जिन्यातला दिवा कायद्यात आहे, हे त्यांना जरूर सांगा. मालकाच्या चुकीमुळे पालिकेनं नळ तोडला, तरी जबाबदारी त्याचीच. आईंनी दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. समोरच्याचं ऐकून घेण्याआधीही पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, हुकूम मिळू शकतो. खालची बिऱ्हाडं तयार असतील तर सगळ्यांनी मिळून अर्ज करा. कुलपाचे फोटो काढा, पाणी कधी आलं आणि कधी गेलं ते रोज वहीत लिहायला सांगा.

खर्चाची काळजी नको. विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

(दुबईहून)

काका, मी दुसऱ्या बाजूचा आहे. विश्रामबागेत माझा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय. मुदत संपून चार महिने झाले, तरी माणूस हलत नाही. गेल्या आठवड्यात भावाला म्हटलं होतं, मेन स्विच काढून टाक. ताईंची मेल वाचून रात्रीच फोन करून थांबवलं. त्या घरात दोन लहान मुलं आहेत. पण मी करायचं काय?

(टोरांटोहून)

थांबवलंत, फार बरं केलंत. तुमचा मार्ग त्याच कायद्यातल्या कलम २४ चा. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. मुदतीनंतर जितका काळ तो राहील तितक्या काळाची भरपाई करारातल्या रकमेच्या दुप्पट दरानं मागता येते. करार नोंदणीकृत आहे ना? ती जबाबदारी मालकाची असते. आणि विजेचं म्हणाल, तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मालकाचं ना हरकत पत्र नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही.

(मेलबर्नहून)

काका, आईला सगळं वाचून दाखवलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "२०१९ च्या महापुरात थोरल्यांनीच पाण्याचा हंडा वर आणून दिला होता गं. त्यांच्या पोराला कोर्टात कसं उभं करू?" मला उत्तर सुचेना.

(टोरांटोहून)

ताई, आईंना म्हणावं, अर्ज पाण्यासाठी आहे. आधी वकिलाची नोटीस जाऊ द्या. नोटीस बघून कुलूप काढलं तर कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.

(मेलबर्नहून)

आई तयार झाली. सोमवारी मिरजेचा मामेभाऊ तिला विजयनगरला नेतोय. पावत्यांची ट्रंक तिनं काल रात्रीच उघडली, आणि १९८३ ची पहिली पावती सापडली. तिच्यावर थोरल्यांची सही आहे.