बिलियन म्हणजे अब्ज, मग ट्रिलियन म्हणजे खर्व का?

प्रश्न : अनुवादात '३.७५ बिलियन डॉलर' आणि '१.२ ट्रिलियन डॉलर' असे आकडे आलेत. पहिल्याला 'पावणेचार अब्ज' लिहिलं. दुसऱ्याला '१.२ खर्व' चालेल का? दोन्ही रकमा पुढे अक्षरीही द्यायच्या आहेत.

उत्तर : नाही चालणार. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे. अब्जावर नऊ शून्यं, खर्वावर दहा, निखर्वावर अकरा आणि महापद्मावर बारा. पण 'अब्ज, दशअब्ज, खर्व' अशी चढण धरली की खर्व अकरा शून्यांवर जातो. हिंदीतला 'खरब'ही तिथेच आहे. ट्रिलियनला बारा शून्यं, म्हणजे कुठलाही खर्व घेतला तरी जुळत नाही.

'लाख कोटी' लिहा, त्यात संदिग्धता नाही. १.२ ट्रिलियन म्हणजे एक लाख वीस हजार कोटी डॉलर. ३.७५ बिलियन म्हणजे तीनशे पंच्याहत्तर कोटी डॉलर. 'पावणेचार अब्ज' चूक नाही, पण अक्षरी रकमेत पाव-पाऊण-दीड-अडीच नकोच. ते बोलण्यात आणि मथळ्यात शोभतं.

आणखी एक : मूळ मजकूर कुठल्या भाषेतला आहे ते आधी बघा. जर्मनमध्ये नऊ शून्यांना 'मिलियार्डे' म्हणतात आणि 'बिलियोन' म्हणजे बारा शून्यं. ब्रिटिश सरकारी आकडेवारीतही १९७४ मध्ये अधिकृतपणे नऊ शून्यांचा बिलियन आला. त्याआधीच्या ब्रिटिश मजकुरातला बिलियन बारा शून्यांचा असू शकतो. जपानीत तर गट चार-चार अंकांचे. 'मान' म्हणजे दहा हजार, 'ओकु' म्हणजे दहा कोटी. १२ ओकु येन म्हणजे १२० कोटी येन. नावाला नाव शोधत बसू नका, शून्यं मोजा आणि मग आपले स्वल्पविराम टाका : उजवीकडून आधी तीन अंक, पुढे दोन-दोन.

उपप्रश्न : मिलियनला 'दशलक्ष' बरोबर ना?

उत्तर : किंमत बरोबर, वाचायला त्रास. '२५ दशलक्ष' वाचून माणूस मनात पुन्हा गुणाकार करतो. सरळ 'अडीच कोटी' लिहा. मिलियनच्या आकड्याला दहाने गुणलं की लाख, दहाने भागलं की कोटी. नेमक्या इथेच चुकून २.५ मिलियनचे 'अडीच कोटी' होतात. खरे पंचवीस लाख.

दशांशाबद्दल : सगळ्यात जास्त पैसे इथे चुकतात. १.५ कोटी म्हणजे एक कोटी पन्नास लाख, १.०५ कोटी म्हणजे एक कोटी पाच लाख. फोनवर 'एक पॉइंट पाच' ऐकून एक कोटी पाच लाख टिपणारे आहेतच. पैशांचंही तेच, ०.५ रुपया म्हणजे पन्नास पैसे.

परकीय चलनात आणखी सांभाळा. कुवेती दिनारचे हजार फिल्स होतात, म्हणून '१.२५० दिनार' म्हणजे एक दिनार दोनशे पन्नास फिल्स. हाच '१.२५०' जर्मन बिलावर असेल तर बाराशे पन्नास, कारण तिथे टिंब हजारांचं आणि स्वल्पविराम दशांशाचा.

अक्षरी लिहिण्याबद्दल : ४०,०५,०६० हे 'चाळीस लाख पाच हजार साठ'. रिकाम्या स्थानाचं नावच घ्यायचं नाही, 'शून्यशे' वगैरे काही नसतं. १०१ 'एकशे एक', 'शंभर एक' नव्हे. 'अकराशे' बोलीत ठीक, पण कागदावर हजार वेगळा काढा : १,१५० म्हणजे 'एक हजार एकशे पन्नास'. ६९, ७९, ८९ एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. पण ९९ मात्र नव्व्याण्णव, 'एकोणशंभर' नाही. हिंदीतला 'नवासी' म्हणजे ८९. मराठी कान तो नव्वदीत टाकतो, म्हणून हिंदीत सांगितलेली रक्कम अंकांत विचारून घ्या.

अक्षरी रकमेच्या शेवटी 'मात्र' किंवा 'फक्त', दोनांपैकी एकच. त्याचं काम कुंपणाचं आहे. पुढे कुणी शब्द वाढवू नये म्हणून तो रकमेला चिकटून हवा आणि उरलेल्या जागेत रेघ हवी.

उपप्रश्न : अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर?

उत्तर : धनादेशांना लागू असलेल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं कलम १८ सांगतं की अक्षरी रक्कम ग्राह्य. पण त्या भरवशावर राहू नका. अंकी-अक्षरी फरक हे बँकेत धनादेश परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. खाडाखोड न करता नवा धनादेश लिहा.

एक्सेलवाल्यांसाठी : लाख-कोटीचे स्वल्पविराम पाडायला तीन भागांचं कस्टम फॉरमॅट सर्रास वापरतात : कोटीच्या वर, लाखाच्या वर आणि बाकी. उणे आकडे 'बाकी'त पडतात, म्हणून १२,३४,५६७ ची तूट -१,२३४,५६७ अशी दिसते. तुटीचा रकाना असेल तर त्याला वेगळं फॉरमॅट द्या.