बेल्ट फिरतो, पण लांबी चुकते: पुलीचा व्यास तपासा

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये बेल्ट/चेन फीचर लावलं, पुल्या फिरतात, पण बेल्टची लांबी ३.६ मिमी कमी येते, असा मूळ प्रश्न आहे. तुम्ही पुलीची बाहेरची फेस निवडली असणार. टायमिंग पुलीचा (दातेरी पुलीचा) पिच व्यास, म्हणजे बेल्टची लांबी ज्या वर्तुळावर मोजतात त्याचा व्यास, बाहेरच्या व्यासापेक्षा मोठा असतो. ५एम (दर दाताला ५ मिमी), २० दातांची पुली घ्या: बाहेरून ३०.६९ मिमी, पिच व्यास ३१.८३. ५एममध्ये हा फरक दर पुलीला १.१४ मिमी; दोन्ही पुल्यांवर मिळून बेल्टचा एक पूर्ण वळसा होतो, म्हणून लांबीत १.१४ × π, म्हणजे बरोबर ३.६ची तूट. शिवाय गुणोत्तरही बिघडतं. २० आणि ४० दातांना २ऐवजी २.०४ येतं. पुलीत पिच व्यासाचं वर्तुळ स्केच करा आणि फीचरमध्ये तेच निवडा.

याच प्रश्नावर दुसऱ्या एका प्रतिसादात केंद्रांतर (दोन पुल्यांच्या केंद्रांमधलं अंतर) १५० मिमी ठेवायला सांगितलंय, ते मात्र करू नका. त्याने लांबी ४५१.७ येते आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या बाजारात मागाल तर मिळेल ४५०, म्हणजे ९० दातांचा. फीचरमध्ये ‘ड्रायव्हिंग’वर (लांबीवरून पुलीची जागा ठरवणारा पर्याय) टिक करून ४५० टाका, मोटरची पुली स्लॉटमध्ये (लांबट खाचेत) सरकती ठेवा, केंद्रांतर आपोआप १४९.१५ होईल. अंतराचा मेट (भागांची जागा बांधणारी अट) आधीच दिला असेल तर ओव्हर डिफाइन्डची (गरजेपेक्षा जास्त अटी) एरर येणारच, तो मेट सप्रेस (तात्पुरता बंद) करा.

पुली फिरतच नसेल तर कॉन्सेंट्रिक मेटमधलं (एकाच अक्षावर बसवणारा मेट) ‘लॉक रोटेशन’ काढा. प्रत्यक्षात ताण द्यायला स्लॉट दोन्ही बाजूंना थोडा जास्त ठेवा, नाहीतर बेल्ट चढवताच येणार नाही.